सोडण्याआधीचे चौदा दिवस

सोमवार, ता. ३

पोचले एकदाची. दोन गाड्या बदलल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पाण्याचा खारटपणा मोजायची माझी काचेची नळी रुमालात गुंडाळून छातीशी धरलेली. शेजारच्या माणसाला ती इंजेक्शनची सुई वाटली असावी, कारण तो अख्खा प्रवास अंग चोरून बसला होता.

घर बघून हरखून गेले. बैठकीच्या भिंतीत आठ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी. अकरा वर्षं माशांच्या दुकानात मी मीठच कालवतेय, म्हणून तर सगळे मला मीठबाई म्हणतात. पण ही टाकी बघून माझीसुद्धा बोलती बंद झाली, आणि मला ओळखणारे सांगतील की असं सहसा होत नाही. जिवंत प्रवाळ, नारिंगी क्लाऊन माशांची जोडी आणि सगळ्यांवर डाफरणारा एक पिवळाधमक टँग मासा.

घरात तीनच माणसं. डोळ्यांचे डॉक्टर, आता निवृत्त. त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. आणि बाईंचे भाऊ, मामा. काम सोपं आहे. या टाकीत जुळेल असा एक मासा निवडायचा, रुळवायचा आणि निघायचं. आधी एक शाळामास्तर टाकी बघायचे. त्यांचं काय झालं विचारलं, तर बाई म्हणाल्या, त्यांना सोडलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “चौदा दिवस बघू. जुळलं की तुम्हालाही सोडू.”

आल्याआल्या मला आंघोळ करायला लावली, घरातलेच कपडे घालायला दिले आणि माझा फोन कपाटात ठेवून घेतला. बाहेरचं काही आत नको म्हणे. दुसरी कुणी असती तर नाक मुरडलं असतं. मला उलट आवडलं. मीही नवा मासा धुऊन, वेगळा ठेवूनच आत घेते.

छकुली ताईकडे आहे. १८ ला तिचा पहिलीचा पहिला दिवस, आणि दोन वेण्या आईनेच घालायच्या असा हुकूम आहे. मावशीच्या वेण्या टोचतात म्हणे. सोळाला चौदा दिवस भरतात. सतराला मी घरी हजर.

मंगळवार, ता. ४

माझी खोली बैठकीला लागून आहे. मधली भिंत अख्खी काचेची, वर हवेसाठी भोकांची रांग. पडदा नाही. टाकी सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. कपडे बदलायला न्हाणीघर आहे, तेव्हा माझी तक्रार नाही.

चहाच्या वेळी तिघांनी माझी परीक्षाच घेतली. मासा निवडता कसा? आता मला या विषयावर बोलायला लावलं की मी कुणाला आवरत नाही. सांगितलं, देखणा आहे म्हणून मासा आणू नये, जुळेल का ते बघावं. आधीपासून दादागिरी करणारा असेल त्याच्याच रंगाचा, त्याच्याच अंगाचा आणला की मारामारी ठरलेली. म्हणून वेगळा हवा, शांत हवा. आपल्या डोळ्यांदेखत खाणारा हवा. कळपातून तोडलेला नको, एकटं राहायची सवय असलेला बरा.

मामा वहीत लिहून घेत होते. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच, होता तेव्हाही नाही. बाईंनी मला आणखी वाढलं आणि मी खाते कशी ते तिघेही कौतुकाने बघत राहिले.

गुरुवार, ता. ६

गोबी मासा आणला. बोटाएवढा, वाळू चाळत बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डॉक्टरांना लाल शेपटीचा फायरफिश हवा होता, पण मी ठाम नाही म्हटलं. तो दचकला की उडी मारतो आणि टाकीमागे वाळून सापडतो. बाईंनाही पटलं. उडी मारणारा नकोच, म्हणाल्या, आणि तरीही टाकीवर जाळी बसवून घेतली. मला असली काटेकोर माणसं आवडतात.

गोबीच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडलं, दोन तास. घाई केली तर मासा मरतो. हळूहळू केलं तर त्याला कळतच नाही की पाणी बदललं. मग तो डबीत. ही डबी पारदर्शक असते, भोकांची, टाकीच्या आतच टांगायची. सगळ्यांना नवा दिसतो, नव्याला सगळे दिसतात, पण कुणी त्याला चावू शकत नाही. हळूहळू सवय होते.

बाईंच्या खोलीतल्या फोनवरून छकुलीशी बोलले. एक दात हलतोय. मी येईपर्यंत पडू देणार नाही म्हणाली.

शनिवार, ता. ८

टँगने पहिले दोन दिवस डबीला धडका दिल्या. आज नुसताच समोर थांबून बघतो. चांगलं लक्षण आहे.

एक गंमत सांगायची तर इथलं प्यायचं पाणी किंचित खारट लागतं. आधी वाटलं माझ्याच हातांना मीठ असेल. हात धुतले, पेला बदलला. खारटच. आणि कालच्यापेक्षा जरा जास्त. मामांना म्हटलं तर म्हणाले, होईल सवय.

बैठकीतले सोफे टाकीकडे तोंड करून नाहीत. माझ्या खोलीकडे तोंड करून आहेत. हे इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही?

सोमवार, ता. १०

आज मास्तरांचं टाकीचं रजिस्टर चाळलं. अक्षर मोत्यासारखं, ‘श’ला मात्र एक उगाचच शेपटी. प्रत्येक माशाची नोंद. पिवळा टँग: डबीत नऊ दिवस. खातो. सोडला. क्लाऊन जोडी: डबीत पाच दिवस. भांडत नाहीत. सोडले.

तेवढ्यात मामा सामानाची यादी लिहून घेऊन आले. साबण, शेवया, काड्यापेटी. ‘श’ला शेपटी.

मी त्यांना विचारलं, मास्तर कुठे गेले. म्हणाले, इथेच असतील. तुम्ही कधी शाळेत शिकवायचात का, असं विचारलं. बराच वेळ आठवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “मी पण पहिल्यांदा रडलो होतो. मग पाणी गोड लागायला लागलं.”

आपण माशाला टाकीत टाकतो तेव्हाही सोडला म्हणतो. बाईंनी मास्तरांना घरी नाही सोडलं. घरात सोडलं.

मंगळवार, ता. ११

बाईंना सांगितलं, मला आजच जायचंय, पोरगी आजारी आहे. खोटं बोलले. बाईंनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ताईचा फोन आला होता, छकुली मजेत आहे, मीच बोलले तुझ्या वतीने.

तुझ्या म्हणाल्या. कालपर्यंत मी तुम्ही होते.

फोनच्या खोलीला कुलूप आहे. माझ्या खोलीची कडी बाहेरून आहे. ती आधीपासून बाहेरूनच होती, मीच पाहिली नव्हती. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून डबीतले मासे बघितले, आणि स्वतः —

बुधवार, ता. १२

सकाळी कडी काढली तेव्हा बैठक ओळखू येईना. कपाटं, सोफे, जेवणाचं टेबल, सगळं हललेलं. जिथून मी आत आले होते तिथे आता उंच कपाट उभं आहे. मामा दोनदा टेबलाला धडकले.

मला माहीत आहे हे का करतात. त्या दिवशी चहाच्या वेळी मीच सांगितलं होतं. नवा सोडायच्या आधी टाकीतले दगड हलवावेत, म्हणजे जुन्यांना आपली जागा कुठली ते आठवत नाही आणि ते नव्यावर तुटून पडत नाहीत. माझेच शब्द. मामांनी वहीत लिहून घेतले होते.

जेवताना डॉक्टर मला धाकटी म्हणाले. धाकटीला वाढा. कुणाची धाकटी, असं मी विचारलं. तिघेही हसले, अगदी मायेने. रागाने हसले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ता. १३

गोबी सोडला. दिवे मंद केले, आधी बाकीच्यांना खायला घातलं, मग डबीचं झाकण उघडलं. ढकलायचं नसतं. पंधरा मिनिटं तो दारातच थांबला. मग आपणहून बाहेर आला. टँगने मान वळवूनही पाहिलं नाही.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी विचारलं, त्याला आधीचं काही आठवत असेल का? मी म्हटलं, नाही आठवत.

पिशवीच्या तळाशी घरून आणलेली पाण्याची बाटली सापडली. आमच्या नळाचं पाणी. जीव भांड्यात पडला. एक घोट घेतला आणि ओकारी आली. कडू, जहर. बाटली पुन्हा पुन्हा हुंगली. पाण्यात काही नाही. माझ्या तोंडात झालंय काहीतरी.

इथलं पाणी आता खारट लागत नाही.

शुक्रवार, ता. १४

रजिस्टरचं शेवटचं पान. माझं. मामांच्या अक्षरात.

धाकटी. डबीत अकरा दिवस. खाते. भांडत नाही. नवरा नाही. मूल एक, बहिणीकडे रुळेल. उडी मारण्याची शक्यता: थोडी. जाळी लावली.

बहिणीकडे रुळेल.

नाही रुळणार. तिला मावशीच्या वेण्या टोचतात. दात हलतोय तिचा. १८ ला शाळा आहे. हे सगळं रोज लिहून ठेवलं पाहिजे. दोन वेण्या. दोन.

शनिवार, ता. १५

दुपारी तिघे जेवायला बसले आणि कडी घालायची राहिली. की मुद्दाम राहू दिली?

कपाट हाताने सरकलं. मागे दार होतं. दारावर बारीक जाळी, खिळ्यांनी ठोकलेली. नखांनी एक कोपरा सोडवला, दार हातभर उघडलं. बाहेर लख्ख ऊन. समोर रस्ता. एक बाई मुलीचा हात धरून चालली होती. मुलीच्या पाठीवर नवं दप्तर.

मी उंबऱ्याबाहेर तोंड काढलं. श्वास घेतला. हवा आत शिरेना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि आत काही जात नव्हतं. डोळे कोरडे, जीभ कोरडी. हाक मारायला तोंड उघडलं, नुसतंच उघडत मिटत राहिलं.

मागून कुणी ओढलं नाही. मीच मागे आले. मीच दार लावलं.

तिघे जेवत होते. कुणी उठलंसुद्धा नाही. आईंनी फक्त माझ्यासाठी पेला भरून ठेवला

बाईंनी. बाईंनी लिहायचं होतं.

सगळा प्यायले. बरं वाटलं. याचीच भीती वाटते.

रविवार, ता. १६

सकाळी गोबी दिसला नाही. मग दिसला. टँगच्या बाजूलाच वाळू चाळत होता. जसा काही इथेच जन्मला.

मुलीला शाळेत न्यायचं आहे. पहिलीत. दात. वेणी एक की दोन, मागचं पान बघितलं. दोन. पान उलटलं की पुन्हा —

तिचं तोंड आठवतं. हसते तेव्हाचं. आवाज आठवत नाही.

नळी घेऊन माझ्या पेल्यातलं पाणी मोजलं. टाकीइतकंच. बरोब्बर. हात चांगला आहे मामांचा.

दुपार

दिवे मंद केलेत.

ते जेवायला बसले. आधी त्यांना वाढलं. चौथं पान मांडलंय.

कडी निघाली. दार उघडं आहे. कुणी आत येत नाही. कुणी ढकलत नाही. तिघे बघत बसलेत. ढकलायचं नसतं, मीच सांगितलं होतं, मीच —

नाही जाणार. भिंतीला पाठ लावून बसलेय. पंधरा मिनिटं. मग ते कंटाळतील, दार लावतील, उद्या सतरा आहे, उद्या मी —

तहान लागली आहे.

चौथ्या पानाशेजारी पेला आहे.

ताई, ही वही मिळाली तर छकुलीला सांग की आई आली नाही असं नाही, आईला सोडलं, म्हणजे सोडलं नाही गं, मला त्यांनी सोड

धाकटे, म्हणतायत. ये. किती गोड आवाज आहे आईंचा. मी नुसती पेला घेऊन परत येते, वही इथेच उघडी ठेवते, आल्यावर पुढे लिहीन, दोन वेण्या, छकुलीच्या दो