डिंपलची बोटं

३ फेब्रुवारी, सोमवार

केलं एकदाचं अपडेट! महिनाभर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सूचना येत होती— नवीन फर्मवेअर, नवीन फर्मवेअर. आज स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बसलो. बॅटरी पूर्ण भरून घेतली. मधेच बंद पडला तर कॅमेऱ्याचा दगड होतो म्हणतात. पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसलो. बाजूच्या कॉम्प्युटरवर माझी धाकटी बहीण डिंपल एडिटिंग करत होती, माझं तोंड बघून हसत होती.

कंपनीनं लिहिलंय, कमी उजेडात चित्र साफ येईल, चेहऱ्यावरून फोकस सुटणार नाही. बुधवारी एकोडीचं लग्न आहे. तिथं कळेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डिंपलनं मोबाईल समोर धरला. नागपूरची एक संस्था मुक्या-बहिऱ्या मुलांसाठी खुणांच्या भाषेत धड्यांचे व्हिडिओ बनवते. त्यांना खुणा करून शिकवणारी माणसं पाहिजेत. राहायची सोय तिथंच. अर्जासोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ, वीस तारखेच्या आत. तिनं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

मान हलवली. नाही कसं म्हणणार?

लगेच शूट केलं. मागे निळा पडदा, वर ट्यूबलाइट. ती भराभर खुणा करत होती, मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. आमच्या घरच्या खुणा साध्या— पाणी, जेवण, गिऱ्हाईक आलं. ही तिच्या शाळेची भाषा.

स्क्रीनवर बघतो तर बोटंच नाहीत! हाताच्या जागी नुसता धूर. तिनं तीनदा बघितलं आणि मोबाईलवर लिहिलं— "दादा, हे कोणालाच वाचता येणार नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर एकोडीला, तेजरामभाऊंच्या मुलीचं लग्न. फोकस खरंच एकदाही सुटला नाही. रंगही झकास. मी खूश होतो.

आज डिंपलनं तेजरामभाऊंच्या आईचा चेहरा मोठा करून दाखवला. ऐंशीची म्हातारी, आणि गालावर एक सुरकुती नाही! मेणाची बाहुली. डिंपलनं शेजारी अपडेटच्या आधीचं एक लग्न लावलं, त्यातल्या म्हाताऱ्यांची रेघ न् रेघ दिसते. तिनं लिहिलं— "साफ करता करता माणूसच पुसला."

असं डोळस माणूस मला दुसरं कुठं मिळणार?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं. अपडेटनं माझी सगळी सेटिंग पुसून कंपनीची लावली होती. सेकंदाला पन्नास फ्रेम होत्या, त्या पंचवीस. शटर ऑटोवर. ट्यूबलाइटच्या उजेडात ते जास्त वेळ उघडं राहतं, हात हलला की फराटा. आणि कमी उजेडात चित्रात येणारे ठिपके-दाणे घालवायचं नवीन काहीतरी पूर्ण चढवलेलं, तेच सुरकुत्या खात होतं. तीन ठिकाणी बदल केला. दहा मिनिटांचं काम.

स्वतःचाच हात हलवून शूट केलं. पाचही बोटं वेगळी, नखंसुद्धा दिसतात.

डिंपल जेवायला घरी गेली होती. ती परत आली तोवर मी कॅमेरा बॅगेत ठेवून दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाही सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तिनं विचारलं. कॅमेऱ्याकडे बोट, मग भुवया वर. मी लिहून दिलं— अपडेटच खराब आहे, कंपनी नवीन देईल तोवर थांबावं लागेल.

बोलण्यात माणूस थोडंफार खोटं बोलतो. हे मी लिहून दिलं. तिनं वाचलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कामाला लागली.

कायले केलं मी असं? ती गेली तर दुकान अडेल असं स्वतःला सांगतो, पण ते खरं नाही. डिंपल चौदा वर्षांची असताना शाळेच्या होस्टेलमध्ये दोन दिवस तापानं फणफणत होती. कोणाला कळलंच नाही, हाक कशी मारणार? मी गेलो तेव्हा मला ओळखलं नाही तिनं. पाठीवर घेऊन स्टँडपर्यंत आणली होती. आता सत्तावीसची आहे, मला कळतं. पण नागपूरचा रस्ता, मागून येणाऱ्या गाड्या... हॉर्न ऐकू येत नाही तिला. आई जाताना एवढंच म्हणाली होती, डिंपलले एकटं सोडू नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाढव मी! काल शहापूरचा साखरपुडा शूट केला, सवयीनं कार्ड डिंपलच्या हातात दिलं. तिनं लावलं. बायकांच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातातली बांगडी न् बांगडी वेगळी. पाहुण्यांच्या सुरकुत्या जागच्या जागी.

कॅमेरा चांगला आहे, हे तिला कळलं असणारच. एका जागी थांबवून तिनं ते चित्र बघितलं. माझ्याकडे वळली नाही. नंतर रोजच्यासारखा चहा आणून ठेवला, मला लागते तशी कमी साखर घालून.

घरी बायकोला, रिताला सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "तिले कान नाही, पण डोये तर हायेत ना? तुमी ते पन झाकून राहिले."

मी आईचं नाव घेतलं.

"आईनं एकटं सोडू नको म्हटलं होतं," रिता म्हणाली. "बांधून ठेव नाही म्हटलं."



१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दुकानाचं शटर पूर्ण वर केलं, ऊन आत येऊ दिलं. डिंपल आली. मी आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं— सेटिंग सात तारखेलाच सापडली होती. मी लपवलं. मला तू जायला नको होतीस. माझं चुकलं.

तिनं कागद दोनदा वाचला. घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं रडेल, रागावेल. तिनं माझा हात धरला आणि माझी बोटं एकेक करून वाकवली, ठेवायची तशी ठेवली. मग मला कळावं म्हणून सावकाश ओठ हलवले— मोठा भाऊ. तिच्या भाषेत मला असं म्हणतात तर! इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

मग शूट केलं. या वेळी आधी प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून घेतला. दोन मिनिटांत तिनं दोन वर्षांची असताना कान घेऊन गेलेला ताप सांगितला, शाळा सांगितली, स्टुडिओ सांगितला. चित्र पुसलं जातं ते कसं ओळखायचं, तेही सांगितलं. मोठा भाऊ तीनदा आला. तीनही वेळा मला कळलं.

माझे डोळे भरले होते, स्क्रीन दिसत नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावरून फोकस हलला नाही. अपडेटचा तेवढा गुण मान्य केला पाहिजे.

व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घालून दिला. पाठवते, खुणेनं म्हणाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निवड झाली! मोबाईल माझ्या नाकासमोर नाचवत होती. तीन मार्चला हजर व्हायचं. रितानं शेजारीपाजारी पेढे वाटले. मी ट्यूबलाइट पुसत बसलो, उगाच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रोज दहा खुणा शिकतो. आज रस्ता, गाडी, मागे बघ. ती हसते. लिहून दाखवते, मागे बघायची सवय मला तुझ्यापेक्षा जास्त आहे.

२ मार्च, रविवार

नागपूरला सोडून आलो. खोली स्वच्छ आहे. दाराची बेल दाबली की आत दिवा लागतो, पंधरा वेळा दाबून बघितली. डिंपल सामान लावत होती तेव्हा मी संस्थेच्या भावना मॅडमना म्हटलं, व्हिडिओ पाठवायला माझ्यामुळे उशीर झाला, माफ करा. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, व्हिडिओ तर पाच फेब्रुवारीलाच आला, घरामागे भिंतीसमोर मोबाईलवर काढलेला. निवड नऊ तारखेलाच कळवली होती.

माझा व्हिडिओ त्यांच्याकडे गेलाच नव्हता. मॅडमनी डिंपलचा तेव्हाचा निरोप दाखवला—

"जागा थोडे दिवस राखाल का? दादानं मला स्वतःहून पाठवायला पाहिजे."