एलायजा क्रंपला हलवू नका

सोमवार, ३ सप्टेंबर २००७

कबर उकरणार! एलायजा क्रंपची!

सिमेट्रीच्या फाटकावर प्लॅस्टिकमध्ये म्युनिसिपल कौन्सिलची नोटीस बांधली आहे. बाल्टिमोरला म्हणे त्याची पणती आहे, बेसबॉलवाल्यांची सोसायटी आहे. पणजोबांना घरी न्यायचं आहे त्यांना. मेला १९११ साली. शहाण्णव वर्षांनी आठवण!

हरकत असल्यास २८ तारखेच्या आत लेखी कळवा. ‘कबरीशी आपला संबंध’ नमूद करा.

संबंध!

मंगळवार, ४ सप्टेंबर

मला बेसबॉल कळत नाही. बॉल मारायचा आणि चौकोनात पळत सुटायचं. पण ह्यांनी बाल्टिमोरच्या हॉस्पिटलात दोन वर्षं रेसिडेन्सी केली आणि सर्टिफिकेटबरोबर ते खूळ घेऊन आले. लेस्टरला नोकरी लागली, आणि इथे क्रंपची कबर सापडली. मग काय!

खेळ दाखवायला आलेल्या अमेरिकन तुकडीतला हा बाल्टिमोरचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. त्याचा बॉल म्हणे बॅटपाशी येऊन खाली बसायचा. तुकडी परत गेली. हा इथल्या मोज्यांच्या फॅक्टरीतल्या मुलीपायी राहिला. शेवटपर्यंत मोजे विकले; पोरं मात्र अमेरिकेला गेली. न्यूमोनियाने गेला. सगळं पाठ आहे मला! बावीस वर्षं दर रविवारी ऐकलं. हे कबरीच्या दगडाला मॅचचा स्कोअर सांगणार, मी गाडीत थर्मासमधला चहा पिणार. चांगला कन्सल्टंट डॉक्टर माणूस!

शुक्रवार, ७ सप्टेंबर

इथे लिहायला हरकत नाही. ह्यांच्या अस्थी तिथे आहेत. अर्ध्या. अर्ध्या आमच्या परीक्षितने, मुलाने, इथल्या सोअर नदीत सोडल्या. उरलेल्या तांब्याच्या लोटीत घालून, वर लाल फडकं बांधून, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी क्रंपच्या पायाशी हातभर खोल पुरल्या. वर डॅफोडिल्सचे कांदे लावले. माळीबुवा म्हणाला, “लव्हली, डियर.”

आता जेसीबी येणार. लोटी वर येणार. कोण विचारतो? जाईल मातीच्या ढिगाऱ्यात.

मंगळवार, ११ सप्टेंबर

सुप्रभाला सांगितलं. पस्तीस वर्षांची मैत्रीण, आणि तोंडाला कुलूप नाही.

“अगं मधू, गंगेत नाही तर नाही, ख्रिश्चनाच्या कबरीत?”

“तिथे खूश असायचे ते.”

“आणि तुझ्या कुठे पुरायच्या? कार पार्कमध्ये?”

हसले. मग राग आला. मग पुन्हा हसले.

रविवार, १६ सप्टेंबर

बेसिंगस्टोकहून परीक्षितचा फोन. सुप्रभाने सांगितलंच त्याला!

“आई, तू हा काय केली? परमिशनशिवाय? इट्स इल्लीगल! डॅडींचा अस्थी आपण रिव्हरमध्ये सोडला ना?”

“अर्ध्या.”

“अर्धा?!”

चाळिशीचा आयटी मॅनेजर, लहान मुलासारखा ओरडतो. मग हळूच, “कौन्सिलला सांगू नको. दुसरा रीझन दे. हेरिटेज वगैरे.”

हेरिटेज! पाचगणीच्या नन्सनी मला खूप निरुपयोगी गोष्टी शिकवल्या, पण कागदावर खोटं लिहायला नाही शिकवलं. आणि तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काढली आहेत. खोटा फॉर्म मला लांबूनही ओळखता येतो. खरं लिहिलं तर दोन गोष्टी होतील. एक, लोटी वाचेल. दोन, मला दंड होईल, नाहीतर लोटी काढून माझ्या हातात देतील. तेही नको आहे मला. ती तिथेच हवी.

सोमवार, २४ सप्टेंबर

स्वतः कौन्सिलला गेले. संबंधाच्या रकान्यात लिहिलं: ‘माझे पती पायाशी आहेत.’ खाली बावीस वर्षांचे रविवार, पुरल्याची तारीख, खोली, लोटीचं वर्णन.

काउंटरवरच्या मिसेस प्रिचर्डने दोनदा वाचलं. चष्मा काढला. “मी हे वाचलंच नाही, असं समजू या का?”

“नको. स्टॅम्प मारा.”

मारला. मी पोचपावती मागून घेतली.

गुरुवार, २७ सप्टेंबर

काही नाही. दिवसभर पोस्टमनवर डोळा. पिझ्झ्याचं पत्रक आलं.

शनिवार, २९ सप्टेंबर

हरकत अमान्य! मी नातेवाईक नाही. पणतीची संमती आहे, उकरायचं लायसन्स मिळणार. लोटी ‘सन्मानपूर्वक’ परत करतील. दंड नाही, ताकीद आहे.

ज्या बाईने कबर कधी पाहिली नाही, तिचं नातं. बावीस वर्षं ज्याने दगडावरचं शेवाळ टूथब्रशने घासलं, तो कोणी नाही! दुपारी सुप्रभा भजी घेऊन आली. तिच्यावरही ओरडले. भजी खाल्ली.

मंगळवार, २ ऑक्टोबर

अमेरिकेहून पणतीचा फोन. म्हातारीच आहे, माझ्याच वयाची. कौन्सिलने माझा फॉर्म तिला पाठवला होता. म्हणाली, “मॅम, आमच्या माणसाला तुमच्या डॉक्टरांनी बावीस वर्षं सोबत केली. तुमची हरकत नसेल, तर दोघांनाही नेतो.”

चौऱ्याहत्तर साली ह्यांना बाल्टिमोरहून कायमच्या नोकरीचं पत्र आलं होतं. मी म्हटलं, मी येणार नाही. त्यांनी पत्र घडी करून ठेवलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

म्हटलं, न्या.