न वाजलेली शिट्टी

चि. ढब्बूस,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे अजून कुरकुरतात का? तुझ्या बायकोला विचारलं म्हणून सांग. इकडे मी ठणठणीत आहे. दमा आहे, पण तो माझ्याहून ठणठणीत आहे.

तर झालं असं. आमच्या चिरंजिवांनी (म्हणे इंजिनिअर!) माझी शाळेतली कवायतीची शिट्टी शोधून माझ्या गळ्यात अडकवली. दम लागला की वाजवायची, घरातलं कुणीतरी धावत येईल. सूनबाईला कल्पना फारच आवडली. मलाही भरून आलं. अरे, याच शिट्टीवर सबंध शाळा जागच्या जागी थांबायची! आता दम लागलेल्या बाईने शिट्टी फुंकायची कशी, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. सगळे शिकलेले ना!

परवा दुपारी मी माळा झाडायला घेतला. (नको म्हणून बजावलं होतं, म्हणूनच घेतला.) धूळ उडाली आणि छाती आवळली. दम्याच्या औषधाचा पंप पलीकडच्या खोलीत. शिडीवरून कशीबशी उतरले, फतकल मारून बसले आणि शिट्टी फुंकली. फुस्स! पुन्हा फुंकली. पुन्हा फुस्स! स्वयंपाकघरात मिक्सर चालू. ढब्बू, घाबरले रे मी. डोळ्यांपुढे अंधारी आली. सूनबाई आली ती चहा घेणार का विचारायला. माझे निळे पडलेले ओठ बघून तिच्या हातातला कप सुटला. (चांगल्या सेटमधला होता.) तिने धावत पंप आणला म्हणून वाचले. संध्याकाळी चिरंजिवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आई, हळू फुंकली तरी वाजेल अशी शिट्टी आणतो.

तेव्हापासून मी न्हाणीघराची कडी लावत नाही. जिना उतरत नाही. आडवी होऊन झोपायचीही भीती वाटते, उशांना टेकून बसून राहते. हसत तर मुळीच नाही, कारण हसलं की खोकला आणि खोकल्यामागून दम. घरच्यांना वाटतं म्हातारी फुगलीय. दम लागला की भीती वाटते, भीती वाटली की दम लागतो, आणि या दोघांच्या मध्ये मी. डॉक्टरांनी विचारलं, मन कसं आहे? मी छाती काढून सांगितलं, एकदम उत्तम.

असो. तू उगाच काळजी करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. : कर काळजी. चार दिवस राहायला ये. कुणी कारण विचारलं तर बायकोशी भांडलो म्हणून सांग. तुझ्या बाबतीत कुणालाही पटेल.

पुन्हा ता. क. : आल्यावर काही करायचं नाही. माझ्या खोलीत पेपर वाचत बस. मी बोलायची थांबले की या घरात सगळ्यांना हायसं वाटतं. तू तेवढा मान वर करून बघ.