दहा सेकंदांच्या वर शांतता नको

४ मार्च, सोमवार

झाला एकदाचा तक्ता! पाच निकष, प्रत्येकाला चार गुण. 'रुब्रिक' म्हणायचं त्याला — साहेबांचा लाडका शब्द. आमच्या विभागप्रमुखांना कोणी झोपेतून उठवलं तरी आधी 'रुब्रिक कुठाय?' विचारतील.

धडा — 'वाईट बातमी सांगणे'. नर्सिंगची ही मुलं घरी बसून शिकतात. घरातल्या कुणाला तरी पेशंट करायचं, समोर बसवायचं, आजाराची बातमी सांगायची, व्हिडिओ पाठवायचा. मी गुण देणार. आतापर्यंत नुसतं ऐकायचे आणि मनाला येईल तो आकडा टाकायचे. मग कुरकुर — तिला चौदा, मला अकराच का? आता कुणाची टाप नाही बोलायची. नजरेला नजर. सोपे शब्द. धीराचं एक तरी वाक्य. 'काही विचारायचंय का?' हा प्रश्न. आणि दहा सेकंदांच्या वर शांतता नको.

शेवटचा निकष खास माझा. ऑनलाइन तासात जरा गप्प बसलं की लोकांना वाटतं नेट गेलं. नवऱ्याला वाचून दाखवला. म्हणाला, "म्हणजे आपल्या घरात मी नापास." महिन्याभरातलं त्याचं सर्वात लांब वाक्य असेल!

७ मार्च

व्हिडिओ यायला लागले. एका पठ्ठ्याने वडिलांना पलंगावर आडवं केलं आणि 'मी तुमचं दुःख समजू शकतो' हे इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की वडीलच दचकले. पण रकाने सगळे भरलेले! वीसपैकी वीस. ह्याला मी मनातल्या मनात पोपट म्हणते. वीस टाकले, पटले मात्र नाहीत. पण मला काय पटतं त्याचा रकाना तक्त्यात नाही.

८ मार्च, शुक्रवार

आज खिडकीवालीचा. ऑनलाइन तासाला कायम घरातल्या खिडकीशी बसते, अर्धा चेहरा उजेडात. बोलत नाही, पण गृहपाठ वेळच्या वेळी. हुशार आहे हे तिच्या लिहिण्यावरून कळतं.

समोर तिची आई, शिवणयंत्राच्या स्टुलावर, गळ्यात टेप तशीच. सुरुवात झकास. "मी सिस्टर आणि तू पेशंट हं आई." आई पदर सावरून बसते — "बरं, सिस्टरबाई. बोला."

"तुमचा रिपोर्ट आलाय."

"मग? पास की नापास?"

मुलगी हसत नाही. "पोटातली गाठ साधी नाहीये. ती पसरलीय."

आणि मग काही नाही. दोघी गप्प. मला वाटलं व्हिडिओ अडकला. मागे नेऊन पुन्हा लावला. खिडकीचा पडदा हलतोय — म्हणजे चालू आहे. मुलगी खाली बघतेय. धीराचं वाक्य नाही, प्रश्न नाही. बऱ्याच वेळाने आईने हात पुढे केला, मुलीने तो धरला. संपलं.

सहा गुण. नापास. शेरा लिहिला — 'संवाद मध्येच सोडून दिला आहे. तयारी कमी. रुग्णाला एकटं पाडलं.' लिहिताना बोट अडलं, खोटं कशाला बोलू. पण एकीसाठी वाकले तर तक्ता केलाच कशाला? नापास म्हणजे या सत्रात वॉर्डात प्रत्यक्ष कामाला जाता येणार नाही तिला. पुन्हा पाठवेल, झालं.

११ मार्च, सोमवार

शिकवण्याची हौस नडते ती अशी.

तासाला खिडकीवालीच्याच व्हिडिओचा तुकडा लावला. नाव काढलं होतं, चेहरे धूसर केले होते — मोठी काळजी घेतली मी! "सांगा, इथे काय चुकलं?" आणि ती शांतता सुरू झाली. पोपट लगेच, "मॅडम, तुमचं नेट अडकलं!" सगळे हसले.

मीही हसले.

पडद्यावर खिडकीवालीची चौकट काळी झाली. तास संपेपर्यंत परत आली नाही. वीज गेली असेल, असं स्वतःला सांगितलं. पटलं नाही.

१२ मार्च

तिचा मेसेज. 'मॅडम, गुण राहू द्या. तो व्हिडिओ तेवढा काढून टाकाल का?'

१३ मार्च, बुधवार

काढला. मग फोन केला. वाटलं, माफी मागावी, पुन्हा पाठव म्हणावं, दोन मिनिटांत विषय मिटेल.

"चेहरे दिसत नव्हते गं. कुणाला कळलंसुद्धा नसेल," मी म्हटलं.

"हो मॅडम."

"पण तू मध्येच थांबलीस का? सुरुवात किती छान केली होतीस."

ती म्हणाली, "मॅडम, तो रिपोर्ट खरा होता."

मला आधी समजलंच नाही. मठ्ठासारखं विचारलं, "खरा म्हणजे?"

"आईचाच रिपोर्ट. माझ्याकडे केव्हाचा आला होता. ती रोज विचारायची, आला का गं? मी म्हणायचे, लॅबवाले उशीर करतायत. समोर बसून सांगायची हिंमत होईना. तेवढ्यात तुमचा हा धडा आला. म्हटलं, नाटकात सांगू. नाटकात तरी तोंड उघडेल."

मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"तिला आधी गंमतच वाटली. मग माझ्या तोंडाकडे बघून कळलं तिला. मला पुढचं काही आठवेना, मॅडम. धीराचं वाक्य पाठ केलं होतं मी. खरंच केलं होतं."

"अगं, मग तो पाठवलास कशाला?"

"शेवटची तारीख होती."

शेवटची तारीख! आणि मी तिला काय लिहून पाठवलं? रुग्णाला एकटं पाडलं. ते अक्षर अन् अक्षर माझं आहे.

जेवण गेलं नाही. नवऱ्याने ताट झाकून ठेवलं, काही विचारलं नाही. बरं झालं.

१४ मार्च

साहेबांकडे गेले. तिचं घरचं काही सांगितलं नाही, तेवढं शहाणपण उरलं होतं. 'माझा निकष चुकला, मला गुण बदलायचेत' एवढंच.

वाटलं होतं, नियमाचं पुस्तक तोंडावर मारतील. तसं झालं नाही. खुर्ची पुढे सरकवली. "बाई, काहीतरी घडलंय ते दिसतंय. पण एकीचं दुःख तुमच्या कानावर आलं म्हणून गुण वाढवलेत, तर ज्याचं कानावर येत नाही त्याचं काय?"

मी म्हटलं, "मग चुकीच्या मापाने मोजत राहायचं?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी लहानपणी तोतरा होतो. तोंडी परीक्षेत परीक्षकाने माझं पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही — याला काय बोलता येणार! शून्य. त्याच्या हातात एक साधा तक्ता असता ना, तर त्याला मला ऐकावं तरी लागलं असतं."

भांडायला गेले होते, रिकाम्या हाताने परत आले. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. निकष पुढच्या सत्रापासून बदला म्हणाले. या सत्रात तिला फक्त पुन्हा व्हिडिओ पाठवता येईल.

१५ मार्च, शुक्रवार

तासाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं. "सोमवारी दाखवलेल्या व्हिडिओत चूक नव्हती. चूक तो दाखवणाऱ्याची होती. आणि हसणाऱ्यांत मीही होते." सगळ्या चौकटी नुसत्या बघत राहिल्या. कुणी म्हणालं नाही, नेट अडकलं.

जिच्यासाठी बोलले ती आलीच नव्हती.

तासानंतर पोपट थांबला. बाकी सगळे गेले तरी त्याची चौकट तशीच. म्हणाला, "मॅडम, मग मला वीस का दिलेत?" आवाज खणखणीत नव्हता आज. "बाबा म्हणाले, तू मला बातमी सांगत होतास की बातम्या देत होतास?"

हसायला आलं आणि रडायलाही. मी त्याला इतके दिवस पोपट म्हणत होते. पण पोपटाला पढवलं कुणी?

१८ मार्च

खिडकीवालीला पुन्हा फोन. मागे कुणीतरी खोकत होतं, चाकांच्या खाटेची खडखड. म्हटलं, "घरच्यांना नको बसवूस. माझ्यासमोर कर, फोनवर. मी पेशंट होते. पास होशील, वॉर्डात जाता येईल."

"वॉर्डात तर मी रोजच असते आता, मॅडम."

चूक पुन्हा माझीच. बोलण्याआधी ऐकायचं, हे मी शिकवते!

"बरं, मग सवडीने कर."

"नाही मॅडम. पुढच्या सत्रात परत बसेन. ते एकदाच सांगायचं होतं." मग, जणू माझीच समजूत घालत, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तो धडा नसता तर मी अजूनही लॅबवाल्यांना नावं ठेवत बसले असते."

तिने मला धीर दिला. पूर्ण चार गुणांचं वाक्य. मला मात्र तिला द्यायला एकही सुचलं नाही.

२० मार्च

नवा तक्ता करायला बसले. कोरा कागद. चहा दोनदा गार झाला. नवरा डोकावून म्हणाला, "नुसतं 'ऐकलं का' एवढंच ठेव." सांगणं सोपं आहे. ऐकलं हे मोजायचं कसं? आणि मोजलं नाही तर साहेबांसारखा एखादा पोरगा पुन्हा दाराबाहेर. खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं.

२२ मार्च, शुक्रवार

दुपारी अनोळखी नंबर. "मी तिची आई. तुमच्या शाळेतल्या नाटकात पेशंट झाले होते ती." आवाजात दम नव्हता, मिश्कीलपणा तसाच. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "ते राहू द्या हो. काम आहे तुमच्याकडे. माझा थोरला बोटीवर असतो. रविवारी त्याचा फोन येईल. त्याला मलाच सांगायचंय, पण तोंडातून शब्द फुटत नाही. लेकीपुढे सराव केला तर ती पोर कोलमडेल. तुम्ही हेच शिकवता ना? मग घटकाभर माझा मुलगा व्हा."

मी दार लोटून घेतलं. खाली बसले. म्हटलं, "बोल, आई."