सोबत जोडलेला कागद

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीतली दुसरी मुलगी शिक्षण सोडून घरी गेली, त्यामुळे तिची खाट माझ्या पुस्तकांना मिळाली. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदलला का?

तू विचारलंस, चिनी शिकतात म्हणजे नेमकं काय करतात. ब्रश सरळ उभा धरायचा आणि एकेक अक्षर काढायचं. एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही, चुकली तर चुकली. तुझ्यासारखं उसवून परत शिवता येत नाही. छान जमलेल्या अक्षराभोवती सर लाल गोल काढतात. जुन्या कविताही शिकवतात. त्यांत 'मी दुःखी आहे' असं सहसा कुणी म्हणत नाही. नुसती रिकामी खाट दाखवतात आणि वाचणाऱ्याला कळतं.

परवा सरांनी चिनीत घरी पत्र लिहायला सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदाच मी हातचं काही न राखता लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं. एकही लाल गोल काढला नाही.

"हे घरी माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग आजच पाठव," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तो कागद सोबत जोडला आहे. भिंतीला लाव. काय लिहिलंय असं बाबांनी विचारलं, तर पोरगी मजेत आहे म्हणून सांग. अक्षर खरंच चांगलं आलंय, शेवटच्या चार ओळी सोडून.

तुझं शेंडेफळ