पूजेचा दोरा

सोमवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. खंडेनवमीला कारखान्यात कटर मशीनची पूजा केली, आणि थोरल्या भावानं, अण्णानं, पूजेच्याच लाल दोऱ्यानं पात्यावरचं गार्ड, बोटं वाचवणारं झाकण, वर बांधून टाकलं. का, तर गार्ड खाली असलं की लाकडावरची कापायची रेघ दिसत नाही. आज कुंभारी गावच्या गिऱ्हाइकाच्या दारांसाठी फळ्या कापायला घेतल्या तर पातं उघडंच. मी म्हटलं, दोरा सोड. “पूजेचा हाय, तोडू नये,” अण्णा म्हणाला. देवानं सांगितलं होतं का गार्ड बांधायला? मी आधी प्लग काढला, मग दोरा कापला. गार्ड खटकन पात्यावर बसलं. “अपशकुन केलास की,” म्हणत अण्णानं माझ्यावर हात उगारला.

त्या हाताला अंगठा नाही. गेल्या वर्षी याच मशीननं नेला. पूजा तर तेव्हाही झाली होती.