भुयारातली पावलं

३ फेब्रुवारी
शाळेत असताना ताई आणि मी प्रार्थनेला जाताना लांबलचक व्हरांड्यातून हात धरून चालायचो. बुटांचा आवाज झाला की सिस्टर नुसत्या भुवया उंचवायच्या. हलक्या पावलांची ती सवय अजून गेलेली नाही, आणि आज चक्क कामाला आली.

ताईच्या मुलीकडे राहायला येऊन दोनच दिवस झालेत. भाची आणि तिचे सोबती संगणकावरचा एक खेळ बनवताहेत. जुन्या काळातलं तटबंदीचं शहर, त्याच्या पोटात भुयारं. पटकन दुसऱ्या टोकाला जायचं तर भुयारात शिरायचं. पडदा क्षणभर काळा होतो, की पोचलाच. त्या काळोखासाठी पावलं आणि श्वास हवे होते. भाची म्हणाली, मावशी, तू इतकी दबकत चालतेस, चोराच्या घरी जन्मायचीस. मग त्यांच्यातल्या ध्वनिमुद्रक पोराने दारं लावली आणि मी ओल्या वाळूवरून मनसोक्त चालले. आता खेळातल्या पाट्यांचं शुद्धलेखन तपासायचं, खिडकीशी बसून. या वयात नोकरी! चहासुद्धा बरा असतो.

१० फेब्रुवारी
बैठं काम, तरी पोटऱ्या भरून येतात. ध्वनिमुद्रक म्हणाला, वय झालं म्हणा की. मी म्हटलं, लिफ्ट बंद पडली की धापा कोण टाकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हसलो दोघं. पण आज दिवसभर पलीकडे भुयारं तपासणं चालू होतं, आणि मला नुसतं बसवेना.

१६ फेब्रुवारी
नव्या चपलांचे तळ झिजले. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा.

आता कळतंय. कुणी भुयारात शिरलं की मी तिथे असते. ओल्या भिंतीला हात लावत अख्खं शहर खालून पार करते. वाटेत थांबता येत नाही. परत येते तेव्हा टेबलावरच्या चहाची वाफही मोडलेली नसते. त्यांचा तो एक क्षण. चालायचं मात्र कुणाला तरी लागतंच.

२० फेब्रुवारी
भाचीला सांगितलं. तिला वाटलं, मला ताप आहे. पलंगावर बसवून तिने स्वतः माझे पाय धुतले, पुसले. मग समजूत पटावी म्हणून माझ्यासमोरच खेळ लावून भुयारात शिरली.

गेले. आले.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत चिखल.

"मावशी, हे कुठून आलं?"

"तू पाठवलंस तिथून."

२१ फेब्रुवारी
तिने खेळातून माझ्या पावलांचा आवाज काढून टाकला. रडत होती. उपयोग नाही — चालणं तसंच, फक्त ऐकू येत नाही. उद्या खेळ सगळीकडे लोकांच्या हाती जाणार. थांबवा म्हणून वरिष्ठांशी भांडली. त्यांनी तिलाच रजा घ्यायला सांगितलं.

२२ फेब्रुवारी
सकाळपासून — दोन ओळींच्या मध्ये किती वेळा — किती माणसं, देवा. कुणालाच घाई सोडवत नाही. भाची माझा हात धरून बसलीय. तिला मी हललेलीही दिसत नाही.

दमले.

पुन्हा —

लोकरीची शाल भाचीला. घड्याळ ताईला, किल्ली हळू द्यायची म्हणावं. पुस्तकं ध्वनिमुद्रकाला, वाचणार नाही मेला, तरी द्या. चपला टाकून द्या. भाचीला रागावू नका, तिला माहीत नव्हतं. आणि खेळणाऱ्यांना कुणीतरी सांगा, शहर वरून फार सुंदर आहे, जरा पायी —